पेपर नंतर बघा, मार्किंग आधी बघा : सीईटी, जेईई, नीटला पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

एसटी स्टँडसमोर माझं फॉर्म भरायचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, आधारची प्रिंट, आणि दिवाळी झाली की नुसते एंट्रन्सचे फॉर्म. आधी जेईईचे, मग सीईटीचे, शिमग्याच्या आसपास नीटचे. पोरगा किंवा पोरगी शेजारच्या स्टुलावर बसलेली असते आणि मागे बाबा उभे, आणि दर तिसरे बाबा हाच प्रश्न विचारतात, "पास व्हायला किती लागतात ओ ह्याच्यात?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं. पस्तीसला पास हे बोर्डाचं, इथं तसं पासबीस काही नसतं, तुम्ही दुसऱ्यांपेक्षा किती पुढे हाच हिशोब. आणि आपल्याकडच्या पोरांचा घोळ इथेच होतो. बारावीच्या निकालात कोकण बोर्ड दरवर्षी राज्यात पहिलं, पेपरात फोटो येतात, पेढे वाटतात, आणि तीच पोरं सीईटीच्या निकालाच्या दिवशी तोंड पाडून दुकानात येतात. अभ्यास कमी नसतो हो त्यांचा. पण सवय बोर्डाची लागलेली असते, म्हणजे सगळं लिहायचं, स्टेप्स दाखवायच्या, उत्तर चुकलं तरी स्टेपचे अर्धे मार्क मिळतातच. एंट्रन्समध्ये स्टेप कोणी बघत नाही, मशीनला फक्त ए बी सी डी कळतं.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे. कुठल्याही परीक्षेचं पहिलं पुस्तक उघडायच्या आधी तिची मार्किंग स्कीम, म्हणजे बरोबरला किती मार्क आणि चुकीला किती कापतात ते, पाठ करा. एकाच पोराला एकाच वर्षी तीन परीक्षा द्यायच्या असतात आणि तिघींचे नियम एकमेकींच्या उलटे. एकीत जे शहाणपण तेच दुसरीत नुकसान.

आधी ठरवा कशाला बसायचंय

हे पटकन सांगतो. महाराष्ट्रात इंजिनिअरिंग, फार्मसी, बीएस्सी ॲग्री पाहिजे असेल तर एमएचटी सीईटी. दापोलीचं कृषी विद्यापीठ, लोणेऱ्याचं टेक्नॉलॉजिकल विद्यापीठ, ह्यांचा रस्ता इथूनच जातो. एनआयटी, ट्रिपल आयटी ही देशपातळीवरची इंजिनिअरिंग कॉलेजं पाहिजेत तर जेईई मेन, आणि आयआयटीला मेन देऊन मग ॲडव्हान्स्ड. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस सगळं नीटवर. आता सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज झालंय त्यामुळे नीटवाल्यांची संख्या वाढलीय, माझ्या दुकानात तरी दिसते.

एक गोष्ट लक्षात ठेवा, एंट्रन्स कितीही भारी गेली तरी बारावीत किमान टक्के लागतातच. सीईटीतून इंजिनिअरिंगला ओपनला ४५ टक्के, राखीवला ४०. नीटवाल्यांना पीसीबीत, म्हणजे फिजिक्स केमिस्ट्री बायॉलॉजीत, ओपनला ५०, राखीवला ४०. एनआयटीला बारावीत ७५ टक्के लागतात, एससी एसटीला ६५, नाहीतर आपल्या बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे शंभरातल्या वरच्या विसात, असायला हवं. तेव्हा "बोर्ड काय, सीईटीच महत्त्वाची" असं सांगणाऱ्या दादालोकांचं फार ऐकू नका.

माहिती पुस्तिका उतरवा, पण सगळी वाचू नका

प्रत्येक परीक्षेची माहिती पुस्तिका साइटवर फुकट मिळते. लांबलचक पीडीएफ असते, पोरं उघडतात आणि बंद करतात. तुम्ही फक्त तीन गोष्टी शोधा. पेपर पॅटर्न, मार्किंग, आणि भाषा. ती दोन तीन पानं माझ्याकडे किंवा कुठेही प्रिंट काढा आणि अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवा. आणि पुस्तिका त्याच वर्षीची घ्या. हे का सांगतोय तर २०२१ ते २०२४ अशी चार वर्षं जेईई मेन आणि नीटमध्ये सेक्शन बी ला चॉइस होता. जेईईत ९० प्रश्नांतले ७५ सोडवायचे, नीटला २०० पैकी १८०. २०२५ ला तो चॉइस काढला, आता जितके प्रश्न छापलेत तितके सगळे तुमचे. पण चुलतभावाने दिलेली जुनी मॉकची, म्हणजे सराव पेपरांची, पुस्तकं घराघरात पडलीयत, त्यावर वेळ लावून प्रॅक्टिस करणारी पोरं मी पाहिलीत. प्रश्न वापरा त्यातले, पॅटर्न वापरू नका.

सीईटी : इथे रिकामं सोडणं म्हणजे पैसे रस्त्यात टाकणं

ग्रुप दोन, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) आणि पीसीबी. दोन्ही देता येतात, दोन्हींचा स्कोअर वेगवेगळा लागतो. दोन्हीत एकूण २०० मार्क.

पीसीएमला पहिल्यांदा फिजिक्स आणि केमिस्ट्री एकत्र, ५० आणि ५० प्रश्न, एकेक मार्क, वेळ ९० मिनिटं. ती संपली की मॅथ्स उघडतं, ५० प्रश्न पण दोन दोन मार्कांचे, परत ९० मिनिटं. पीसीबीला मॅथ्सच्या जागी बायॉलॉजी, १०० प्रश्न एकेक मार्काचे, ९० मिनिटं. सिलॅबस म्हणाल तर साधारण २० टक्के अकरावीचा, ८० टक्के बारावीचा. अकरावी म्हणजे आराम असं आपल्याकडे धरतात, पण २०० मधले ४० मार्क तिथे आहेत.

दोन गोष्टी नीट बघा ह्यात. एक म्हणजे मॅथ्सचे एकट्याचे १०० मार्क, म्हणजे अर्धा पेपर. फिजिक्स आवडतं म्हणून रात्रंदिवस फिजिक्स करणाऱ्याला त्याचे मिळून मिळून ५० च मिळणार. दुसरं म्हणजे वेळ. फिजिक्स केमिस्ट्रीत एका प्रश्नाला ५४ सेकंद येतात, मॅथ्समध्ये १०८ सेकंद. आणि फिजिक्सला कमी पडलेला वेळ मॅथ्समधून उसना घेता येत नाही, पहिली ९० मिनिटं संपली की तो भाग बंद. बारावी बोर्डाला ७० मार्कांच्या फिजिक्सला तीन तास बसायची सवय असलेल्या माणसाला हे ५४ सेकंद म्हणजे काय ते घड्याळ लावून बसल्याशिवाय कळत नाही. त्यातून केमिस्ट्री आधी घ्या, वाचलं की येतं नाहीतर येत नाही, तिथे प्रश्नाला पंचवीस तीस सेकंद वाचतात आणि ते फिजिक्सच्या गणितांना मिळतात. हे माझं मत, कोणाला फिजिक्स आधी जमत असेल तर तसं करा.

आता मुख्य मुद्दा. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, उत्तर चुकलं तरी मार्क कापत नाहीत. नाही म्हणजे नाही. तरीसुद्धा मागे एकदा गुहागरकडचा एक मुलगा निकालानंतर रिस्पॉन्स शीट, म्हणजे आपण कुठल्या प्रश्नाला काय उत्तर दिलं तो कागद, प्रिंट करायला आला आणि मॅथ्समध्ये १८ प्रश्न कोरे. मी विचारलं काय रे हे, तर म्हणाला जेईईला सर सांगायचे येत नसेल तर हात लावू नको, तीच सवय लागली. आता बघा, १८ प्रश्नांना डोळे मिटून बी बी बी केलं असतं तरी सरासरीने चारातला एक लागतो, म्हणजे साडेचार प्रश्न, दोन मार्कांनी नऊ मार्क. नऊ मार्क ओ! तो पोरगा गप्प बसून राहिला आणि मी पण काय बोलणार, प्रिंटचे पैसे घेतले नाहीत एवढंच.

तेव्हा सीईटीत शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा, आणि पॅलेटवर, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रश्ननंबरांच्या चौकटीत, एकही प्रश्न कोरा दिसता कामा नये. विचार करून मारा, नुसतं मारा, पण मारा. फिजिक्स केमिस्ट्रीच्या शेवटी पाच आणि मॅथ्सच्या शेवटी पाच, वेगवेगळी, कारण पहिला भाग बंद झाल्यावर मागे जाता येत नाही हे आत्ताच सांगितलं.

भाषेचं पण सांगतो. सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी इंग्रजी, मराठी, उर्दू असं मिळतं, मॅथ्स मात्र फक्त इंग्रजीत. दहावी मराठी मीडियममधून झालेली पोरं फॉर्म भरताना "मराठीच टाका" म्हणतात, मी दोनदा विचारतो. अकरावी बारावी सायन्स इंग्रजीत शिकलेलं असतं आणि पेपरात मराठी पारिभाषिक शब्द समोर आले की भूत बघितल्यासारखं होतं. जे शब्द दोन वर्षं वर्गात ऐकलेत तीच भाषा घ्या.

जेईई मेन : इथे सोडता यायला पाहिजे

७५ प्रश्न, ३०० मार्क, तीन तास. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स प्रत्येकी २५. त्या २५ मध्ये २० पर्यायांचे आणि ५ न्यूमेरिकल, म्हणजे उत्तराचा आकडा स्वतः टाकायचा. बरोबरला अधिक ४, चुकीला वजा १, सोडला तर शून्य. न्यूमेरिकलला निगेटिव्ह नसतं असं कोणी सांगितलं तर ते जुनं झालं, आता तिथे पण वजा १ आहे. जानेवारी आणि एप्रिल अशी दोन सेशन असतात, दोन्ही दिलीत तर जो स्कोअर चांगला तो धरतात. म्हणून जानेवारीची भीती बाळगू नका. सिलॅबस पूर्ण झाला नाही म्हणून जानेवारी न देणं हा मला तरी मूर्खपणा वाटतो, फी सोडून जातंय काय, आणि खऱ्या सेंटरवर एकदा बसून आलेला मुलगा एप्रिलला वेगळाच असतो.

इथे तीनही विषय एकदम उघडे असतात, कुठेही उडी मारता येते, सीईटीसारखं कुलूप नाही. प्रश्नाला सरासरी २ मिनिटं २४ सेकंद. ऐकायला भरपूर वाटतं पण प्रश्न तसे असतात.

एक उदाहरण देतो, आकडे मी बनवलेत पण असं खरोखर होतं. एकीने ४५ प्रश्न सोडवले, ३८ बरोबर, ७ चूक. ३८ चोक १५२, वजा ७, १४५. तिच्या मैत्रिणीने ७० सोडवले, ४२ बरोबर, २८ चूक. १६८ वजा २८, १४०. म्हणजे जिचे जास्त प्रश्न बरोबर आले तिलाच मार्क कमी. बोर्डात असं कधी होईल काय?

जेईई ॲडव्हान्स्डबद्दल फार लिहीत नाही, तिथे पोचणाऱ्याला माझ्या लेखाची गरज नसते. मेनमधले वरचे साधारण अडीच लाख त्याला बसू शकतात, एकाच दिवशी तीन तीन तासांचे दोन पेपर, दोन्ही द्यावेच लागतात, भाषा इंग्रजी किंवा हिंदी. मार्किंग ठरलेलं नसतं, पेपर उघडल्यावर प्रत्येक सेक्शनच्या वर सूचना असते ती वाचायची. एकाहून जास्त पर्याय बरोबर असणाऱ्या प्रश्नांना तिथे अर्धवट मार्क पण असतात. चारही बरोबर होते आणि तुम्ही तीनच धरलेत तर ३ मिळतात, पण एक जरी चुकीचा धरलात तर गेले, वर वजा. लोभ नको म्हणतात ते इथे अगदी गणितात बसवलंय.

नीट : गोळे काळे करायची परीक्षा

२०२५ ला १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० मार्क असा सुटसुटीत हिशोब होता. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायॉलॉजी ९०. अधिक ४, वजा १. बायॉलॉजी एकटी ३६० मार्कांची, बरोबर अर्धी. प्रश्नाला एक मिनिट, पण खरं म्हणजे एवढं पण नाही कारण गोळा काळा करायला वेळ लागतो. परीक्षा पेनाने ओएमआरवर, म्हणजे गोळे काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर, झाली, दुपारी २ ते ५, मे महिन्याच्या पहिल्या रविवारी. आपल्याकडचा मे कसा असतो ते सांगायला नको, अंगाला शर्ट चिकटतो आणि ओएमआरवर घामाचा हात टेकतो. 

ओएमआरला जे होतं ते सांगतो, जवळून बघितलंय. माझ्या आत्याची मुलगी, मॉकमध्ये नेहमी चांगली, घरी बायॉलॉजी सोडवताना एक प्रश्न नंतर बघू म्हणून सोडला आणि गोळा मात्र सोडला नाही. पुढचे तेरा गोळे एकेक घर वर सरकले. नशीब ती घरची प्रॅक्टिस होती. त्या दिवसापासून तिने एक पद्धत लावली, प्रश्नपत्रिकेच्या प्रत्येक पानावरचे सगळे प्रश्न आधी सोडवायचे, पेपरावरच पर्यायाला गोल, आणि पान उलटायच्या आधी त्या पानाचे सगळे गोळे एकदम भरायचे, भरताना तोंडातल्या तोंडात नंबर म्हणायचा. सगळं सोडवून शेवटी गोळे भरायचे ही पद्धत ऐकायला हुशारीची वाटते पण शेवटी १८० गोळ्यांना वीस पंचवीस मिनिटं लागतात आणि हात थरथरतो.

आणि एका प्रश्नाला दोन गोळे काळे झाले तर ते चूक धरतात, म्हणजे वजा १. खोडून दुसरा भरायचा प्रकार करू नका, काळ्या बॉलपेनाला खोडरबर नसतो. एकदा काळा केला की तो प्रश्न संपला, पुढे चला.

मराठीत नीट घेतली तर प्रश्नपत्रिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं, पण भाषांतरात काही गडबड वाटली तर इंग्रजीच अंतिम धरतात.

तुक्का कधी मारायचा, कधी नाही

हा भाग वही घेऊन करा, पाच मिनिटं लागतात आणि जन्मभर कामाला येतो.

अधिक ४ वजा १ वाला प्रश्न, चार पर्याय, तुम्हाला काहीच येत नाही. असे चार प्रश्न घ्या. सरासरीने एक लागेल, तीन चुकतील. ४ वजा ३, हातात १. चार प्रश्नांत १ म्हणजे एकात पाव मार्क. फायदा आहे पण इतका बारीक की नशीब एखाद दिवशी फिरलं तर दहा बारा मार्क खाली जाता. आता एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं, उरले तीन. तीन प्रश्नांत एक बरोबर दोन चूक, ४ वजा २, हातात २. म्हणजे प्रश्नाला पाऊण मार्काच्या जरा खाली. दोन पर्याय उडवता आले तर दोन प्रश्नांत एक बरोबर एक चूक, हातात ३, म्हणजे प्रश्नाला दीड मार्क. इथे सोडून देणं म्हणजे गाढवपणा.

म्हणून जेईई, नीटला नियम सोपा आहे, एकही पर्याय उडवता येत नसेल तर सोडा, एक उडाला तर वेळ आणि मूड बघून ठरवा, दोन उडाले तर माराच. न्यूमेरिकलला पर्यायच नसतात, तिथे अंदाजे आकडा टाकणं म्हणजे समुद्रात खडा टाकून मासा मारण्यासारखं, अजिबात करू नका.

एनडीएला, म्हणजे सैन्यात अधिकारी व्हायच्या परीक्षेला, बसणारी पण पोरं आहेत आपल्याकडे, खेडकडची बरीच येतात. तिथे चुकीला एक तृतीयांश कापतात. मॅथ्स १२० प्रश्न ३०० मार्क, म्हणजे प्रश्नाला अडीच आणि चुकीला ०.८३. जनरल ॲबिलिटी १५० प्रश्न ६०० मार्क, प्रश्नाला ४ आणि चुकीला १.३३. वरचाच हिशोब लावा, चार प्रश्नांत एक बरोबर अडीच, तीन चूक अडीच, हातात भोपळा. म्हणजे एनडीएत आंधळा तुक्का मारून काहीच मिळत नाही, वेळ जातो तो वेगळाच. चुकीला किती कापतात त्यावर सगळं असतं बघा. एमपीएससीत पाव कापतात, पोलीस भरतीच्या लेखीला काहीच कापत नाहीत, नवोदयच्या सहावीच्या परीक्षेला, ८० प्रश्न १०० मार्क, प्रश्नाला सव्वा, तिथेही निगेटिव्ह नाही. पाचवीतल्या पोराला एवढंच शिकवून पाठवा की बाळा एकही गोळा रिकामा ठेवू नको.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

निकालाच्या दिवशी सगळ्यात जास्त गोंधळ ह्याचाच. मुंबईहून काकांचा फोन येतो, ८५ पडले म्हणजे डिस्टिंक्शन की, पेढे कधी? आणि पोरगं रडतंय.

सीईटी आणि जेईई मेन अनेक दिवस, अनेक शिफ्टमध्ये चालतात. प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा, कोणाचा सोपा कोणाचा अवघड. मग तुलना कशी करायची, तर त्या शिफ्टमध्ये तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी मार्क असलेले किती जण आहेत ते मोजायचे, शिफ्टला बसलेल्या एकूण मुलांनी भागायचं आणि शंभरने गुणायचं. समजा शिफ्टला २५,००० मुलं बसली आणि त्यातल्या २३,५०० जणांना तुमच्याइतके किंवा कमी मार्क आहेत, तर तुमचं पर्सेंटाइल ९४. ह्यात तुम्हाला २०० पैकी किती पडले ते कुठेच आलं नाही. अवघड शिफ्टला ९८ मार्कांवर जे पर्सेंटाइल येईल तेच सोप्या शिफ्टला ११५ वर येऊ शकतं. म्हणून "माझी शिफ्ट अवघड आली, वाट लागली" म्हणून पेपर चालू असताना खचू नका, तुम्हाला अवघड तर शेजारच्यालाही अवघड, आणि तुमची स्पर्धा फक्त त्या शिफ्टशी आहे.

पर्सेंटाइल दशांशानंतर सात आकड्यांपर्यंत देतात, ते उगाच नाही. वरच्या टोकाला इतकी गर्दी असते की ९९.१ आणि ९९.२ मध्ये शेकड्यांनी मुलं बसतात. ८५ पर्सेंटाइल म्हणजे शंभरात साधारण १५ जण तुमच्या पुढे, काकांना असं सांगा, लगेच कळतं. पेढे ठेवायचे की नाही ते त्यांनी ठरवावं.

२०२५ ची नीट एकाच वेळी एकाच पेपरने झाली, म्हणून तिथे ७२० पैकी मार्क आणि त्यावरून रँक. नीटला मात्र क्वालिफाय व्हावं लागतं, ओपनला ५० वं पर्सेंटाइल, राखीवला ४० वं. पण क्वालिफाय होणं आणि सीट मिळणं ह्यात आंबा घाटाएवढा चढ आहे, हे बाबांना आधीच सांगून ठेवा.

स्क्रीनची सवय

ज्याच्या घरी कॉम्प्युटर नाही त्याने हा भाग दोनदा वाचा. आपल्याकडची बरीच पोरं मोबाइलवर मॉक देतात आणि सेंटरवर पहिल्यांदा माऊस धरतात. एनटीएच्या, म्हणजे जेईई नीट घेणाऱ्या संस्थेच्या, साइटवर फुकट मॉक असतात, त्या दुकानात बसून, शाळेच्या लॅबमध्ये, कोणाच्या तरी दादाच्या लॅपटॉपवर, पण कॉम्प्युटरवर द्या, किमान चार पाच.

जेईईच्या स्क्रीनवर उजवीकडे नंबरांची पॅलेट असते. न उघडलेला प्रश्न पांढरट, उघडून सोडलेला लाल, उत्तर दिलेला हिरवा, परत बघायला ठेवलेला जांभळा, आणि उत्तर देऊन परत बघायला ठेवलेला जांभळ्यावर हिरवी खूण. शेवटच्या दोघांत पोरं गोंधळतात. हिरवी खूण असलेला जांभळा तपासला जातो, साध्या जांभळ्याला उत्तरच नाही म्हणून शून्य. आणि पर्यायावर क्लिक केलं म्हणजे उत्तर गेलं असं नाही, सेव्ह अँड नेक्स्ट दाबायचं. पॅलेटवरच्या नंबरवर थेट उडी मारलीत तर आधीचं उत्तर सेव्ह न होता उडतं. न्यूमेरिकलला कीबोर्ड चालत नाही, स्क्रीनवरच्या आकड्यांवर माऊसने टिचक्या मारायच्या, ती प्रॅक्टिस नसेल तर १२८ टाकायला पण अर्धं मिनिट जातं.

आणि एक, कॅल्क्युलेटर नाही. ह्यातल्या कुठल्याच परीक्षेत नाही. मोबाइलवर सातबाराचं क्षेत्रफळ काढणाऱ्या पिढीला सांगतोय, पाढे परत काढा.

सेंटर आणि सीझन

एप्रिल मे म्हणजे आंबा. घरात काढणी, पेट्या भरणं, गाड्या लोड करणं, आणि त्यातच जेईईचं दुसरं सेशन, सीईटी आणि नीट. बागायतदार मंडळींना हात जोडून सांगतो, परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस पोराला झाडावर चढवू नका, गडी जास्तीचा लावा. घरचेच पाव्हणे पण असतात, मुंबईची सगळी मंडळी खाली उतरलेली, माजघरात गादीला गादी लागलेली. पोरांनो, शेजारच्या रिकाम्या घराची चावी आत्ताच मागून ठेवा.

सेंटर रत्नागिरी मिळालं तर ठीक, कोल्हापूर मिळालं तर आदल्या दिवशीच घाट चढा. सकाळच्या शिफ्टला पहाटेची एसटी पकडून जाणारे असतात, एक टायर पंक्चर झाला की वर्ष गेलं. कोकण रेल्वेचं तिकीट मे महिन्यात ऐनवेळी मिळणं विसरा. ॲडमिट कार्ड आलं की त्याच दिवशी राहायचं बघा. गेट बंद व्हायची वेळ ॲडमिट कार्डवर असते, पेपरची नव्हे तर ती वेळ लक्षात ठेवा. नीटचं गेट पेपर २ ला असला तरी दीडला बंद होतं. नीटला अर्ध्या बाह्यांचा साधा शर्ट किंवा कुडता, बूट नाही, चप्पल किंवा सँडल. चप्पल घालायला आपल्याला सांगायला नको म्हणा.

पेपर झाल्यावर

काही दिवसांनी रिस्पॉन्स शीट आणि आन्सर की येते. दोन्ही समोर ठेवून स्वतःचे मार्क मोजा, मार्किंग स्कीम पाठ असेल तर दहा मिनिटांचं काम. कीमध्ये एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर ऑब्जेक्शन घेता येतं. जेईई नीटला प्रश्नामागे २०० रुपये, सीईटीला १,००० रुपये. परत मिळणार नाहीत असं समजूनच भरा. त्यामुळे कोणीतरी ग्रुपवर टाकलं म्हणून उठून ऑब्जेक्शन घालू नका, पाठ्यपुस्तकातलं पान हातात असेल आणि तो प्रश्न तुमचा चुकलेला धरला असेल तरच. मागच्या खेपेला एका पोराने सीईटीच्या अशा प्रश्नाला हजार रुपये भरले ज्यात की प्रमाणेही त्याला मार्क मिळालेच होते. मित्रांसाठी भरले म्हणाला. मी म्हटलं मित्रांना सांग निदान वडापाव तरी द्या.

रिस्पॉन्स शीटची पीडीएफ आली त्या दिवशीच उतरवून ठेवा, स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. ती लिंक काही दिवसांनी बंद होते, आणि मग ऑगस्टमध्ये भर पावसात माझ्याकडे येऊन "काढून द्या ना ओ" म्हटलंत तरी माझ्या हातात काही नसतं.